हरणीला भ्यायला शिकवलं

माझी सत्तरी उलटल्यावर मुलानं मला आयर्लंडला नेलं. सप्टेंबरात गेले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. आधी तो तिकडं शहरात, ॲडम्सटाउनला, फ्लॅटात राहायचा. तिथं गेले असते तर यातलं काहीच झालं नसतं. पण त्या वर्षी त्यांनी डब्लिनच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याला घर भाड्यानं घेतलं होतं. मुलाचं ऑफिस चेरीवूडला, सून सरकारी दवाखान्यात डॉक्टर. सकाळी दोघं आपापल्या वाटेनं जायची, की मग मी आणि घर.

घरामागं छातीएवढा दगडी गडगा. गडग्यापलीकडं शेजाऱ्याचं कुरण, त्यात मेंढरं. कुरण संपलं की चढावर त्यानंच लावलेली कोवळी झाडं, आणि त्याच्या वर सगळं रान.

आमच्यात पहिली भाकरी गाईची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते चुकवलेलं नाही. घरात पीठ नसायचं तेव्हा नाही, पण पीठ असलं आणि गाईला काढलं नाही असं कधी झालं नाही. तिथं भाकरीचं पीठ मिळत नव्हतं, म्हणून चपाती. पहिल्या दिवशी चपाती बाजूला काढली तर सून म्हणाली, "आई, गाय कुठनं आणू आता?"

"गायी दिसल्या की येताना रस्त्यानं."

"त्या दुसऱ्याच्या आहेत. असं जाऊन खायला घालता येत नाही इथं."

मग मी चपाती गडग्यावर ठेवायला लागले. म्हटलं, ज्याच्या नशिबात असेल तो खाईल. तीन दिवस कावळ्यांनी खाल्ली. चौथ्या दिवशी मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी, तर गडग्यापलीकडनं दोन कान वर आले.

हरणी होती. तांबूस अंग, पाठीवर पांढरे ठिपके. माझ्या हातातला कप तसाच राहिला. कारण असलं जनावर मी पूर्वी पाहिलेलं होतं, आणि पुन्हा कधी डोळ्यांपुढं येईल असं वाटलं नव्हतं. चितळच वाटलं मला. पुढं कळलं की हे चितळ नव्हे, दुसऱ्या जातीचं, जपानकडनं कुणीतरी पूर्वी इथं आणून सोडलेलं. तिनं मान लांब करून चपाती ओढली आणि उभ्या उभ्या खाल्ली. मागं गवतात तिचं पाडस होतं. ते पुढं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत आली. मग रोजच. मी मेथीच्या काड्या ठेवायचे, फ्लॉवरचा पाला, मटारच्या साली. ताटलीवर उलथनं वाजवलं की वरच्या झाडीतनं खाली उतरायची. आधी दोन्ही कान माझ्याकडं वळवून ऐकायची, मग पुढचा पाय आपटायची, मग यायची. पंधरा दिवसांत अशी धीट झाली की मी गडग्याला टेकून उभी असले तरी खायची. बघता बघता तिचे ठिपके गेले. थंडीचं राखाडी अंग आलं. मला वाटलं ही दुसरीच, पण डाव्या कानाला खाच होती तिच्या.

घरात दिवसभर बोलायला कुणी नाही. मुलगा संध्याकाळी येऊन विचारायचा, "काय केलंस दिवसभर?" मी म्हणायचे, "माझी पाहुणी आली होती." तो हसायचा. सून फोनमध्ये फोटो काढून दवाखान्यात दाखवायची. सगळ्यांना कौतुक. वाईट काही चाललंय असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं.

ऑक्टोबर अर्धा झाला होता. शनिवार होता, सून घरी होती. दारावर टकटक झाली. सून खिडकीतनं बघून म्हणाली, "युअर मॅन आलाय, शेजारचा." ‘तो गडी’ म्हणायचं तर तिथली माणसं असं बोलतात, तिच्याही तोंडात बसलंय.

शेजारी माझ्याच वयाचा. एकटा राहायचा. उंच, वाकलेला, डोक्यावर टोपी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्याला सगळं ग्रँड. पाऊस आला तरी ग्रँड, नाही आला तरी ग्रँड. त्या दिवशी मात्र त्यानं टोपी काढून हातात धरली आणि बाहेरच उभा राहिला. सून आत या म्हणाली तर बुटांकडं बोट दाखवून नको म्हणाला.

तो बोलत होता, सून ऐकत होती, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"तुम्ही खायला घालता ते त्यानं बघितलंय, आई."

"मग? त्याच्या मेंढ्यांचं तर काही घेत नाही मी."

तिनं त्याला सांगितलं असावं. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि अगदी सावकाश बोलला, म्हणजे जणू सावकाश बोललं की मला इंग्रजी कळेल.

सून म्हणाली, "तो म्हणतोय, परवा दिवसाउजेडी तो कुरणातनं चालत गेला तर ती वीस पावलांवर उभी राहिली. पळाली नाही. उलट त्याच्या हाताकडं बघत होती, काय आणलंय म्हणून. तो म्हणतोय, नोव्हेंबरच्या एक तारखेला माद्यांचा सीझन उघडतोय."

"कसला सीझन?"

तेव्हा मला तो सगळा कायदा कळला. तिथं हरणं फार झालीत. वाघ नाही, लांडगा नाही. झाडांच्या साली सोलतात, कोंब खातात, एवढाली रोपं मरून जातात. त्यानं मला चढावरची त्याची झाडं दाखवली, दरवर्षी निम्मी जातात म्हणाला. म्हणून सरकारच मारायची परवानगी देतं. पण कशीही नाही. बंदुकीचा वेगळा कागद, हरणाचा वेगळा कागद, तो दरवर्षी नवा काढायचा. ज्याच्या जमिनीवर मारायचं त्याची सही पाहिजे. उजेड असतानाच मारायचं, अंधारात दिवे लावून नाही. नर आधीपासून मारायला मोकळे, पण माद्यांना नोव्हेंबर लागेपर्यंत हात लावायचा नाही.

"का?" मी विचारलं.

सुनेनं विचारलं. त्यानं हात खाली नेऊन पाडसाएवढी उंची दाखवली आणि तोंडानं चोखल्यासारखं केलं. पिल्लं उन्हाळ्यात होतात. नोव्हेंबरपर्यंत दुधावर असतात. आई गेली तर उपाशी मरतात. नोव्हेंबरात आपलं आपण खाण्याएवढी होतात.

मला बरं वाटलं ते ऐकून, खोटं कशाला सांगू. कुठंतरी टेबलाशी बसून कुणीतरी त्या पाडसाचा विचार केला होता. पण आता बोलणं माझ्या हरणीचं चाललं होतं.

मी सुनेला म्हटलं, "त्याला सांग, दादा, बाकीच्या मार, तुझी झाडं आहेत. ही तेवढी सोड. कानाला खाच आहे तिच्या."

तो हसला नाही. म्हणाला, "मी सोडेन. पण वरच्या डोंगरावर आणखी दोघं-तिघं आहेत परवानगीवाले. त्यांना कोण सांगणार? ती तर त्यांच्यापुढं जाऊन उभी राहील. बंदूकवाल्याला वाटेल, देवानंच पाठवली." मग टोपी डोक्यावर ठेवत सुनेला आणखी काही बोलला आणि गेला.

"काय म्हणाला जाताना?"

ती सांगेना. मी दोनदा विचारलं. मग म्हणाली, "म्हणाला, डॉक्टर, तुमच्या सासूबाई तिला मारतायत आणि त्यांना ते ठाऊक नाही."

मी आत गेले. कणीक भिजवलेली होती, तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि बसले.

त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, एक हरीण आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस? इथं हजारो आहेत."

तेव्हा मी त्याला सांगितलं. चाळीस वर्षं सांगितलं नव्हतं ते.

माझं लग्न झालं तेव्हा मालक गवंडी होते, आमच्या पाटणकडच्या डोंगरातलेच. एका ठेकेदाराबरोबर ते अंदमानला गेले, बेटावर धक्का बांधायचं काम होतं. मग मलाही नेलं. मद्रासहून बोट, तीन रात्री नुसती ओकत गेले. तिथं समुद्राकाठी पत्र्याची खोली मिळाली. मुलगा तिथंच झाला. आम्ही खोलीमागं जमीन साफ करून रताळी लावली, चवळी, भेंडी. आणि तिथं चितळं. साहेबाच्या काळात कुणीतरी शिकारीसाठी आणून सोडलेली म्हणायचे. त्यांना खाणारं तिथं काही नव्हतं, त्यामुळं शेळ्यांसारखी वाढलेली. या बेटावरनं त्या बेटावर पोहत जायची, मी डोळ्यांनी बघितलंय, नुसती डोकी पाण्यावर. संध्याकाळी यायची आणि वाफेच्या वाफे साफ करून जायची. पण हात लावायचा नाही. तिथं सीझन-बिझन काही नव्हतं, बारा महिने बंद. ज्याचं खाल्लं त्यानं गप बसायचं.

आम्ही गप बसलो. मग धक्क्यावर दगड घसरून मालकांचा उजवा हात मोडला. काम नाही तर शिधा नाही. रताळी चितळांनी खाल्लेली. मुलगा तीन वर्षांचा, रडायचासुद्धा थांबला होता. त्याचंच मला जास्त भ्या वाटायचं, रडत नव्हता त्याचं. मालकांनी तारेचा फास केला. एका हातानं गाठ येईना, म्हणून दुसरं टोक मी धरलं.

सकाळी फासात हरणी होती. कास दुधानं भरलेली. मालकांनी बघितलं, मी बघितलं. चार दिवस आम्ही पोटभर जेवलो. कातडं रताळ्याच्या वाफ्यात पुरलं.

तिचं पाडस दुसऱ्या दिवशी वाफ्यापाशी येऊन उभं राहिलं. हाकललं तर जाईना. मला राहवलं नाही. करवंटीत तांदळाची पेज घालून ठेवली. प्यायलं. मग रोज यायला लागलं. मालक म्हणाले, "नको घालूस." मी म्हटलं, "एवढीशी पेज तर आहे." पाचव्या दिवशी जंगलखात्याची माणसं बोटीनं आली. संशयानं नव्हती आली, पाणी प्यायला आली होती. मी घागर दिली. आणि ते पाडस त्या चौघांच्या मधनं चालत आलं, करवंटीपाशी उभं राहिलं आणि माझ्याकडं बघायला लागलं.

त्यांच्यातला एक वयस्कर होता. त्यानं विचारलं, "बाई, याची आई कुठंय?"

माझे डोळे रताळ्याच्या वाफ्याकडं गेले. त्यांनी फावडं मागितलं. तेही मीच आणून दिलं.

मालक म्हणाले, "मी केलं. बाईला काही ठाऊक नाही." आठ महिने आत होते. मी मुलाला पाठीला बांधून धक्क्यावर दगड वाहिले. पाडस ते बोटीतनं घेऊन गेले, पुढं त्याचं काय झालं ते कळलं नाही. मालक सुटून आले ते खोकला घेऊन. गावी परत आलो, मुलगा सहावीत असताना ते गेले. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर चाललं असतं.

मुलगा ऐकत होता. ताटातला भात वाळून गेला होता. त्याला मी लहानपणी सांगितलं होतं की वडील दुसऱ्या बेटावर कामाला गेलेत, आणि मोठा झाला तरी ते तसंच राहिलं होतं.

"म्हणजे दुसऱ्या बेटावर नव्हते," तो म्हणाला.

"तुरुंगसुद्धा दुसऱ्याच बेटावर होता," मी म्हटलं.

तो उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं, आणि तिथंच पाठमोरा उभा राहून म्हणाला, "मग आता काय करायचं ठरवलंयस?"

"तिला माणसाचं भय शिकवायचं. दोन आठवडे आहेत."

दुसऱ्या दिवसापासून खाणं बंद केलं. ती आली, गडग्यापाशी उभी राहिली, पाय आपटला. मी दाराआडनं बघत होते. तासभर थांबली. तिसऱ्या दिवशी गडगा ओलांडून अंगणात आली आणि दाराच्या काचेला नाक लावलं. काचेवर तिच्या श्वासाचा डाग पडला. मी आतनं हात हलवले, "हड, हड," म्हणाले. तिनं कान पुढं केले. माझा आवाज तिला ओळखीचा होता ना.

मग मी थाळी आणि उलथनं घेऊन बाहेर गेले आणि जोरात बडवायला लागले. आमच्याकडं रानडुकरांना असंच हाकलतात. माझी अक्कल बघा. तीच थाळी, तेच उलथनं, महिनाभर तिला जेवायला बोलवत होते मी. वरच्या झाडीत पाडस होतं, ते धावत खाली आलं. इतके दिवस कधी जवळ आलं नव्हतं, ते पहिल्यांदा आईबरोबर गडग्यापाशी येऊन उभं राहिलं. एकाचे दोन झाले. मी थाळी खाली ठेवली. हसू का रडू असं झालं.

सुनेनं सुचवलं, "आई, चपातीला तिखट लावून घाला. एकदा भाजलं की येणार नाही."

"तोंड भाजलं तर त्या चपातीला भिईल. माणसाला कशाला भिईल?"

चार दिवस असेच गेले. मग मला गोफण आठवली. लहानपणी जोंधळ्याला कणसं निसवली की मी शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं राखायचे. सकाळपासनं दिवस बुडेपर्यंत. शाळा चौथीत सुटली ती त्या माळ्यापायीच. बुजगावण्याला पाखरं भीत नाहीत, गोफणीला भितात, कारण ती लागते. मी मुलाला म्हटलं, दोरी आण. तो ऑफिसातनं येताना नायलॉनची आणि सुताची, दोन्ही घेऊन आला. सुताची घेतली. माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा चौपदरी शिवून मधे बसवला. मुलगा समोर बसून बघत होता, एक टोक धरायला मी त्यालाच दिलं. धरलं त्यानं.

"पण आई, असं जनावराला मारणं इथं गुन्हा असेल," तो म्हणाला.

"त्या दादाला विचार. जमीन त्याची आहे."

शेजारी आला. त्याला मी गोफण दाखवली, हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली त्यानं. मग कुरणाच्या मधोमध एक खांब होता, तिकडं बोट करून माझ्याकडं भुवया उडवल्या. मी स्वेटरची बाही मागं सारली. अंगणातला एक बटाट्याएवढा दगड घातला, डोक्यावरनं दोनदा फिरवली आणि सोडली. खांबाला नाही लागला, खांबाच्या पलीकडं गेला. मेंढरं उधळली. म्हातारा इतका हसला की गडग्याला धरून बसला.

सून भाषांतर करत होती आणि तिलाही हसू आवरेना. "तो म्हणतोय, डॉक्टर, सासूबाईंना लायसन्स काढावं लागेल. आणि माझ्या मेंढ्यांचा सीझन अजून उघडलेला नाही म्हणावं."

मग गंभीर होऊन त्यानं सांगितलं, दगड नको, हाड मोडेल. मातीचं ढेकूळ घ्या, नाहीतर छोटा बटाटा. माझ्या जमिनीवरनं हाकलायला माझी परवानगी आहे.

रोज सकाळी मी गडग्याशी उभी राहायचे. ती यायची. मी बटाटा सोडायचे. तिच्या अलीकडं पडायचा, नाहीतर पलीकडं. आधी ती दचकायची. दोन-तीन दिवसांनी तिनं दचकायचंही सोडून दिलं. एके दिवशी तर पडलेल्या बटाट्यापाशी जाऊन तिनं तो खाल्ला. गडग्यापलीकडनं म्हातारा ओरडला, आणि आता मला ते कळलं, "ग्रँड!" म्हणाला. चेष्टेनं.

तो जवळ आला. सून कामावर होती, आमच्यात भाषा नव्हती. त्यानं माझ्या हातातल्या गोफणीकडं बोट केलं, मग लांबवर त्या खांबाकडं, आणि मान डोलावली. म्हणजे नेम तुझा वाईट नाही. मग हरणीकडं बोट केलं, आणि माझ्याकडं बघत राहिला.

खरंच होतं. मीच मुद्दाम चुकवत होते. माळ्यावर असताना उडत्या पाखराला लावलेली आहे मी.

"दादा, होत नाही रे हातानं," मी मराठीतच म्हटलं. त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं आणि गेला.

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस. तिथं त्या दिवशी भुतांचा सण, पलीकडच्या घरांतली पोरं भुतांचे कपडे घालून फिरायला लागली होती, सकाळीच. पाऊस थांबलेला. ती आली, पाडसाला घेऊनच आली. गडग्यापासनं दहा पावलांवर थांबली आणि पाय आपटला. ती मागतच होती. मी मातीचं ढेकूळ घेतलं, ओलं, घट्ट दाबून केलेलं. वर फिरवलं. त्या क्षणाला मला मालक नाही आठवले, पाडस नाही आठवलं, काही नाही. फक्त तिची बरगडी दिसत होती, तिथं मारायचं, पायाला नाही, डोक्याला नाही.

लागलं. धप्प आवाज झाला. ती जागच्या जागी उडाली. खाली आली तेव्हा माझ्याकडं तोंड होतं, आणि पळाली नाही. बघत राहिली. मी दुसरं घातलं आणि दुसरंही लावलं. मग गडग्यावर चढले, त्या वयात कशी चढले ठाऊक नाही, आणि ओरडत तिच्या अंगावर धावले. लुगडं चिखलात. तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. नाव ठेवलं नव्हतं तिला मी, ते एक बरं झालं. तेव्हा तिची शेपटी उभी राहिली, मागचे पांढरे केस फुलले, आणि शिटीसारखा आवाज काढला. पाडस आधी पळालं, मग ती. मेंढरांमधनं, खांबाच्या बाजूनं, वर झाडीत.

मी कुरणात उभी होते. गडग्यावरनं परत येता येईना, उतरायचा धीर गेला होता. म्हाताऱ्यानं फाटकातनं फिरवून घरी आणून सोडलं. चुलीवर, म्हणजे त्या विजेच्या शेगडीवर, त्यानंच चहा ठेवला. कपाटाला तिथं प्रेस म्हणतात, त्यातनं साखर शोधून काढली. दोघांनी चहा घेतला.

एक तारखेला सकाळी वरच्या डोंगरावर पहिला बार झाला. मग थोड्या वेळानं आणखी एक. मी ताटल्या पुसत होते, पुसत राहिले. म्हाताऱ्याचा बार त्यात नव्हता, तो त्या दिवशी गेलाच नाही, मेंढ्यांचं कारण सांगितलं. नोव्हेंबरभर बार व्हायचे, उजेड असताना, कायद्याप्रमाणं. मी कुणालाही विचारलं नाही. मुलगा एकदा म्हणाला, "मी त्याला फोन करून विचारू का?" मी नको म्हटलं. कानाची खाच बघून कुणी गोळी घालत नाही.

गाईची चपाती मी काढतच होते. ती सून कामावर जाताना गाडीत घेऊन जायची आणि दवाखान्याजवळच्या बागेत पाखरांना घालायची. घरामागं एक कणसुद्धा ठेवला नाही.

परत यायच्या आधीच्या आठवड्यात ऊन पडलं. तिथं तेवढ्या दिवसांत ऊन म्हणजे मोठी गोष्ट. मी धुणं घेऊन अंगणात गेले. दोरीवर मुलाचा सदरा टाकत होते, तर वर, कोवळ्या झाडांच्या कडेला काहीतरी हललं. दीडशे पावलं असेल. राखाडी अंग, आणि बाजूला थोडं लहान, तेही राखाडीच. डोकी खाली घालून चरत होती. खाच एवढ्या लांबनं दिसणार नव्हती, पण पुढचा पाय आपटला तिनं. कान दोन्ही माझ्याकडं वळवून, मग आपटला. मला पुरलं तेवढं.

मी जराही हलले नव्हते. मग सदऱ्याची बाही वाऱ्यानं तोंडावर आली, ती बाजूला करायला मी हात वर उचलला.

पांढरे केस फुलले. शिटी ऐकू आली, एवढ्या लांबनंसुद्धा. पाडस पुढं, ती मागं, आणि दोन उड्यांत झाडांची कड मोकळी.

मी हात तसाच वर धरून उभी होते. मग खाली घेतला. बादलीत अजून चार कपडे होते, ते वाळत घातले.